खाऱ्या पाण्याच्या टाकीवर दिवा कोणता लावावा?



बीदर, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद आणि कलबुर्गी या भागांतल्या आपल्या घरांत मासे पाळण्याची हौस काही नवी नाही. गप्पी, मोली, सोनमासे यांची काचेची टाकी दिवाणखान्यात असलेली बरीच घरे आम्हांला ठाऊक आहेत. मुंबईला गेलेल्या वडीलधाऱ्यांपैकी कित्येकांनी मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिलेले असते. ते १९५१ साली सुरू झाले आणि नूतनीकरणानंतर २०१५ मध्ये नव्या एलईडी दिव्यांसह पुन्हा खुले झाले. आता मुलांच्या हातात मोबाइल आला आणि निळ्या उजेडात डोलणारे प्रवाळ घरबसल्या दिसू लागले. त्यामुळे गेल्या काही वर्षांत मंडळाच्या बैठकीनंतर चहा घेताना एक प्रश्न हमखास निघतो : "खाऱ्या पाण्याची टाकी करायची म्हणतोय, दिवा कोणता घेऊ?"

प्रश्न दिसायला लहान आहे, पण त्याच्या उत्तरावर घरातले बरेच पैसे, मुक्या जीवांचे आयुष्य, घराची विजेची सुरक्षितता आणि कायद्याची बाजू अशा चार गोष्टी अवलंबून आहेत. म्हणून ही हौस सांभाळणाऱ्या आम्ही काही सभासदांनी मिळून हा लेख लिहिला आहे. समुद्र आपल्यापासून सरळ रेषेत मोजला तरी साडेतीनशे किलोमीटरांच्या आत नाही. त्यामुळे किनाऱ्यावरच्या शहरांसाठी दिलेला सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडत नाही. तो फरक कुठे पडतो, तेही सांगत जाऊ.

आधी ठरवा, टाकीत राहणार कोण?

दुकानात जाण्याआधी हे ठरवून घ्या. खाऱ्या पाण्यात फक्त मासे ठेवायचे असतील, तर प्रवाळांसाठीचा महागडा दिवा लागतच नाही. माशाला उजेड लागतो तो दिवस-रात्र कळण्यापुरता आणि आपल्याला तो दिसण्यापुरता. वीस-पंचवीस वॅटचा साधा पांढरा-निळा एलईडी दिवा त्याला पुष्कळ झाला. उलट उजेड जास्त झाला, की काचेवर आणि दगडांवर शेवाळ माजते आणि दर रविवारी घासण्याचे काम वाढते.

प्रवाळ ठेवायचे असतील तर गोष्ट वेगळी. त्यांतही दोन प्रकार आहेत. एक मऊ प्रवाळ, ज्यांना दगडी सांगाडा नसतो. दुसरे दगडी प्रवाळ, जे चुन्याचा सांगाडा बांधतात. मऊ प्रवाळांना उजेड बेताचा लागतो. फांद्या फुटणाऱ्या दगडी प्रवाळांना त्याच्या दुप्पट-तिप्पट लागतो. पण आपल्या देशात दगडी प्रवाळ घरी बाळगण्याचा प्रश्न दिव्यापाशी येण्याआधी कायद्यापाशी येतो. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे. तो भाग वाचल्याशिवाय कृपया खरेदीला निघू नका.

प्रवाळाला उजेड का लागतो?

प्रवाळ म्हटले की आपल्या घरांत पहिल्यांदा आठवते ते अंगठीतले पोवळे. पण दागिन्यातले तांबडे पोवळे भूमध्य समुद्रातल्या अंधाऱ्या कपारींत आणि खोल पाण्यात वाढते, त्याला जगण्यासाठी उजेड लागत नाही. उथळ, कोमट समुद्रात जे प्रवाळ वाढतात त्यांची गोष्ट निराळी आहे.

प्रवाळ हा प्राणी आहे, झाड नव्हे. मात्र त्याच्या शरीरातल्या पेशींत अतिसूक्ष्म शैवाल राहते. त्याला झूझँथेली म्हणतात. हे शैवाल उजेडावर साखर तयार करते आणि तिचा मोठा वाटा यजमान प्रवाळाला देते. काही जातींत प्रवाळाच्या रोजच्या गरजेचा नव्वद टक्क्यांपर्यंत भाग अशा रीतीने भागतो. बदल्यात शैवालाला राहायला जागा मिळते आणि प्रवाळाच्या मलमूत्रातून खत मिळते. आपल्या रानातल्या तुरीच्या मुळांवरच्या गाठी आठवा. तिथे जिवाणू नत्र देतात आणि झाड त्यांना साखर देते. देवाणघेवाण तशीच, फक्त इथे साखर शैवाल देते.

म्हणजे प्रवाळाच्या टाकीवरचा दिवा हा शोभेचा नसून जेवणाचा आहे. तो कमी पडला तर प्रवाळ हळूहळू उपाशी मरतो, आणि हे लक्षात यायला कधी कधी दोन-तीन महिने जातात. तो जास्त झाला तर शैवालाचे काम प्रमाणाबाहेर वाढते, पेशींत घातक ऑक्सिजन साचतो आणि प्रवाळ त्या शैवालाला बाहेर टाकून देतो. मग तो पांढराफटक दिसू लागतो. यालाच इंग्रजीत ब्लीचिंग म्हणतात. पाणी जास्त तापले तरी हेच होते, आणि उष्णता व तीव्र उजेड एकत्र आले तर फार लवकर होते. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण आपल्या भागातल्या उन्हाळ्याचे सगळे गणित त्यावर आहे.

मालवणचे पाणी आणि आंग्रिया बँकेचे पाणी

दिवा निळाच का असतो, असे पुष्कळजण विचारतात. त्याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्राच्या समुद्रात सापडते.

सूर्याच्या उजेडात सगळे रंग असतात, पण पाणी ते सारख्या प्रमाणात आत जाऊ देत नाही. स्वच्छ समुद्रात तांबडा रंग पहिल्या पाच-दहा मीटरांतच जवळजवळ संपतो. त्यामागून नारिंगी, मग पिवळा. सर्वांत खोल जातो तो निळा. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर भर समुद्रात एक बुडालेले पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्यावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. त्याचा माथा पाण्याखाली सुमारे वीस मीटरांवर आहे आणि तिथे प्रवाळ आहेत. किनाऱ्यापासून इतके दूर असल्यामुळे पाणी नितळ, आणि वीस मीटर खाली पोचणारा उजेड मुख्यतः निळा. तिथले प्रवाळ त्याच निळ्या उजेडावर जगतात.

मालवणला उलट आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास काही मीटर खोलीवर प्रवाळ आहेत. या परिसराला १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित केले गेले. तिथे किनारा जवळ, नद्यांचा गाळ येतो, पावसाळ्यात पाणी गढूळ होते. अशा पाण्यातली सूक्ष्म वनस्पती आणि कुजलेला पाला निळा रंग शोषून घेतो, म्हणून तिथे हिरवट उजेड जास्त खोल जातो आणि एकूण उजेडही कमी असतो. पोराइट्स, टर्बिनेरिया अशा सोशीक जाती तिथे तग धरतात. तरीही गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मालवणमध्ये प्रवाळ पांढरे पडल्याच्या नोंदी केल्या आहेत. म्हणजे सोशीकपणालाही मर्यादा आहे.

यातून दिव्याबाबत दोन गोष्टी कळतात. पहिली : निळा उजेड ही फॅशन नव्हे, बहुतेक प्रवाळांतल्या शैवालाची ती सवयीची भाकरी आहे. दुसरी : सगळ्या प्रवाळांना एकच दिवा चालत नाही. जो ज्या पाण्यातून आला त्याला त्या पाण्यासारखा उजेड हवा. म्हणून ज्याचा ड्रायव्हर निळा आणि पांढरा रंग वेगवेगळा कमी-जास्त करू देतो, असा दिवा घेणे शहाणपणाचे.

डब्यावरचे आकडे कसे वाचावेत?

दिव्याच्या डब्यावर वॅट, लुमेन, केल्विन, नॅनोमीटर असे आकडे असतात. त्यांचा अर्थ थोडक्यात असा.

वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो. त्यातली उजेडात किती गेली आणि उष्णतेत किती, हे वॅटवरून कळत नाही. स्वस्त दिव्यांवर "३०० वॅट" लिहिलेले असते, पण प्लगपाशी मोजले तर निम्मीसुद्धा वीज जात नाही, असेही आढळते. वीज मोजणारा छोटा प्लग-मीटर बाजारात मिळतो. मंडळातल्या चार घरांनी मिळून एक घेतला तरी पुरतो.

लुमेन हा आकडा माणसाच्या डोळ्यासाठी आहे. आपला डोळा हिरव्या-पिवळ्या रंगाला सर्वांत जास्त दाद देतो आणि निळ्याला फार कमी. म्हणून उत्तम निळ्या दिव्याचे लुमेनही कमीच दिसतात. प्रवाळाच्या दिव्याची तुलना लुमेनवर करू नये. मोबाइलमधल्या लक्समीटरचीही हीच अडचण आहे.

केल्विन म्हणजे उजेडाची छटा. दुपारचे ऊन साधारण ५५०० ते ६५०० केल्विन. प्रवाळासाठीचे दिवे १०,००० ते २०,००० केल्विन असे विकले जातात. आकडा जितका मोठा, तितकी छटा निळी.

नॅनोमीटर हा आकडा सर्वांत उपयोगी. रॉयल ब्लू म्हणजे सुमारे ४५० नॅनोमीटर, साधा निळा ४७०, जांभळा ४०० ते ४२०. शैवालातली मुख्य रंगद्रव्ये ४०० ते ५०० च्या पट्ट्यात चांगले काम करतात. म्हणून दिव्यातले निम्म्याहून अधिक एलईडी या पट्ट्यातले असावेत. उरलेले पांढरे. पांढरा एलईडी म्हणजे तरी काय, निळ्या एलईडीवर पिवळ्या भुकटीचा थर. निळा एलईडी बनवणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्या कामाशिवाय आपल्या घरातला आजचा पांढरा बल्बही नसता आणि प्रवाळाचा हा दिवाही नसता.

खरे माप म्हणजे "पार". ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातले किती प्रकाशकण एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पडतात, ते मायक्रोमोलमध्ये सांगतात. भर दुपारच्या उन्हात हा आकडा सुमारे २००० असतो. मऊ प्रवाळांना टाकीत ५० ते १५० पुरतो. फांद्यांच्या दगडी प्रवाळांना २०० ते ३५० लागतो. पार मोजायचे यंत्र महाग असते, पण ते रोज लागत नाही. मोठ्या शहरांतली काही दुकाने ते भाड्याने देतात. एकदा आणून टाकीच्या पाच-सहा जागी मोजून कागदावर लिहून ठेवले की काम झाले.

तीन फुटी टाकीचा हिशेब

समजा टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. म्हणजे ९० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटर, पाणी अंदाजे १८० लिटर. टाकीच्या तळाचे क्षेत्रफळ ०.४ चौरस मीटर. त्यात मऊ प्रवाळ ठेवायचे आहेत.

बऱ्या प्रतीचा एलईडी दिवा दर वॅटला दीड ते दोन मायक्रोमोल उजेड देतो. आपण दीडच धरू. ६० वॅटचा दिवा म्हणजे ९० मायक्रोमोल. त्यातला अंदाजे निम्मा उजेड काचेबाहेर सांडतो, पाण्यावरून परततो किंवा पाण्यात शोषला जातो. उरले ४५. त्याला ०.४ ने भागले, की सरासरी ११२ आले. मऊ प्रवाळांसाठी हे उत्तम. म्हणजे अशा टाकीला २०० वॅटचा दिवा लागतो असे कोणी सांगितले, तर हा हिशेब कागदावर मांडून दाखवावा.

हा सरासरीचा हिशेब आहे. मधोमध उजेड जास्त पडतो, कोपऱ्यात कमी. त्याचाच उपयोग करून घ्यायचा. ज्याला जास्त उजेड हवा त्याला दिव्याखाली उंच दगडावर, आणि कमी हवा त्याला कडेला किंवा तळाशी ठेवायचे. तीन फुटी टाकीवर एकच मोठा दिवा लावण्यापेक्षा ३० वॅटचे दोन लावले, तर उजेड सारखा पसरतो आणि एक बिघडला तरी दुसरा चालू राहतो.

विजेचे म्हणाल, तर ६० वॅटचा दिवा रोज नऊ तास चालला की ०.५४ युनिट होते, महिन्याला सुमारे १६ युनिट. जेस्कॉमच्या बिलावरच्या आपल्या दराने गुणून पाहा. टाकीच्या खर्चात दिव्याची वीज मोठी नाही. पाणी थंड ठेवण्याची वीज मोठी आहे.

दिवा स्वतः बांधायचा असेल तर

आपल्या मुलांत डिप्लोमा, आयटीआय, इंजिनिअरिंग केलेली पुष्कळ आहेत. त्यांना असा दिवा बांधणे अवघड नाही. वरच्या हिशेबाच्या ६० वॅटसाठी एक सोपी रचना देतो.

तीन वॅट वर्गातले २४ एलईडी घ्या. त्यांच्या १२-१२ च्या दोन माळा करा. पहिल्या माळेत बाराही रॉयल ब्लू. दुसऱ्या माळेत सहा पांढरे, तीन साधे निळे आणि तीन जांभळे. दोन्ही माळा वेगवेगळ्या ड्रायव्हरवर ठेवल्या की निळा आणि पांढरा रंग स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येतो.

या एलईडींना प्रत्येकी साधारण ३.२ व्होल्ट लागतात. बारांची माळ म्हणजे ३८.४ व्होल्ट. म्हणून ड्रायव्हर ७०० मिलिअँपिअरचा, स्थिर प्रवाह देणारा आणि ३८ व्होल्ट ज्याच्या पल्ल्यात मधोमध बसतात असा हवा. स्थिर व्होल्टेजचा साधा अडॅप्टर इथे चालत नाही. एलईडी तापला की त्याचा प्रवाह वाढतो, प्रवाह वाढला की तो आणखी तापतो, आणि शेवटी जळतो. वीज मोजली तर एका माळेची सुमारे २७ वॅट, दोहोंची ५४, आणि ड्रायव्हरमधली घट धरून प्लगपाशी ६० च्या आसपास.

एलईडी पुढून थंड वाटतो, पण मागून तापतो. म्हणून तो पंखे असलेल्या जाड अॅल्युमिनियम हीटसिंकवर थर्मल पेस्ट लावून घट्ट बसवायचा. हीटसिंकवर हात पाच सेकंद ठेवता आला पाहिजे. नाही ठेवता आला तर छोटा संगणकी पंखा लावा. खाली पारदर्शक अॅक्रिलिकचे पान हवेच. खारे तुषार उडून वाळले की मिठाचा थर बसतो आणि सोल्डरचे टाके गंजतात. दिवा पाण्यापासून वीत-सव्वा वीत वर टांगावा.

आता सुरक्षिततेचे. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. टाकीचा बोर्ड ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर घ्या आणि अर्थिंग तपासून घ्या. ड्रायव्हर आयसोलेटेड प्रकारचा असावा. २३० व्होल्टची जोडणी अनुभवी वायरमनकडूनच करून घ्यावी. प्रत्येक वायर बोर्डात जाण्याआधी बोर्डाच्या खाली लोंबवून मग वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी बोर्डात न जाता खाली पडते. टाकीत हात घालताना दिवा आणि पंप बंद. जळणाऱ्या जांभळ्या एलईडीकडे लहान मुलांना टक लावून पाहू देऊ नये.

आपला उन्हाळा

प्रवाळांना २४ ते २७ अंश पाणी मानवते. पाणी दिवसचे दिवस ३० च्या वर राहिले की ते पांढरे पडू लागतात. कलबुर्गीत एप्रिल-मे महिन्यांत बाहेर चाळिशीच्या वर पारा जातो. बीदर उंच पठारावर असल्याने थोडे सुसह्य, पण तिथेही बंद खोलीत दुपारी पाणी तापतेच. म्हणून आपल्याकडे दिवा निवडताना उन्हाळा आधी धरायचा.

पूर्वी अशा टाक्यांवर मेटल हॅलाइड दिवे लावत. त्यांची आच थेट पाण्यावर येई. एलईडीची उष्णता मागच्या बाजूने वर जाते, हा आपल्यासाठी त्याचा सर्वांत मोठा फायदा. टाकीचे झाकण काढून वर जाळी लावली आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून पंखा फिरवला, तर काम आणखी सोपे होते. हे तत्त्व आपल्या माठाचेच आहे. एक लिटर पाणी वाफ होऊन उडून जाताना जेवढी उष्णता नेते, तेवढी ६० वॅटचा दिवा अकरा तासांत देतो. आपली उन्हाळ्यातली हवा कोरडी असल्याने पाणी भराभर उडते. जो कोरडेपणा पिकाला मारतो तो इथे आपल्या उपयोगी पडतो. किनाऱ्यावरच्या दमट शहरांत हा उपाय एवढा चालत नाही.

मात्र उडते ते पाणी, मीठ मागेच राहते. म्हणून रोज घटलेले पाणी गोड्या आरओ पाण्यानेच भरावे, खाऱ्याने नव्हे. बोअरचे जड पाणी तर मुळीच घालू नये. खारटपणा १.०२५ च्या आसपास स्थिर राहतो ना, ते मोजत राहावे.

दुसरा उपाय दिव्याच्या बटणातच आहे. उष्णता आणि उजेड मिळून प्रवाळाला मारतात, हे वर सांगितले. तेव्हा पाणी २९ च्या पुढे सरकले, की दिव्याची तीव्रता निम्म्यावर आणावी आणि तासही कमी करावेत. समुद्रातसुद्धा ढगाळ दिवस प्रवाळांना वाचवतात. याशिवाय टायमर असा लावता येतो, की दिवा भर दुपारी न लागता सायंकाळी पाचपासून मध्यरात्रीपर्यंत लागेल. प्रवाळाला घड्याळ कळत नाही, उजेडाचे आणि अंधाराचे तास नियमित हवेत इतकेच. घरातली माणसेही तेव्हाच टाकीसमोर बसतात. एवढे करूनही पाणी ३० च्या खाली राहत नसेल, तर चिलर घेण्याची तयारी हवी. ती नसेल तर प्रवाळ आणू नयेत. टाकी खिडकीच्या उन्हातही ठेवू नये.

वीज गेली तर

इन्व्हर्टरवर काय घ्यायचे, यात बरेचदा गल्लत होते. दिवा घेऊ नका. दोन-तीन दिवस अंधार प्रवाळ सहन करतात, पावसाळ्यात समुद्रातही तसे दिवस येतात. पण पाणी फिरायचे थांबले, की काही तासांत प्राणवायू कमी होतो आणि आधी मासे जातात. म्हणून पंप आणि वेव्हमेकर इन्व्हर्टरवर, दिवा थेट लाइनवर. जोडीला बॅटरीवरचा हवेचा पंप घरात असावा. वीज परत येताना कधी व्होल्टेज उसळते, त्यासाठी ड्रायव्हरच्या आधी सर्ज प्रोटेक्टर लावावा.

नव्या दिव्याची सवय

नवा दिवा पहिल्या दिवसापासून पूर्ण तीव्रतेने लावू नये. चाळीस टक्क्यांपासून सुरुवात करून दर आठवड्याला दहा-दहा टक्के वाढवावे. रोज आठ ते नऊ तास पुरतात. सुरुवातीचा आणि शेवटचा तास मंद निळा ठेवला तर मासेही बिचकत नाहीत. प्रवाळ फिका पडू लागला तर उजेड जास्त होतोय असे समजावे. तो तपकिरी होऊन उजेडाकडे लांबट वाढू लागला तर कमी पडतोय. बदल केला की दोन आठवडे थांबावे. रोज बटणे फिरवणाऱ्याचे प्रवाळ जगत नाहीत.

कायदा काय सांगतो?

आता सर्वांत महत्त्वाचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश आहे. वाघाला जे संरक्षण तेच यांना. आपल्या समुद्रातून ते काढणे, विकणे, विकत घेणे, बाळगणे हा गुन्हा आहे आणि त्याला किमान तीन वर्षे कैदेची तरतूद आहे. सर्व जातींचे समुद्रघोडेही याच यादीत येतात. परदेशातून आलेले दगडी प्रवाळ सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतात. त्यांना आयातीचे परवाने लागतात, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा जिवंत प्राण्यांची बाळगणाऱ्याने नोंदणीही करायची असते.

दुकानदार "सगळे चालते हो, काही होत नाही" असे म्हणतात. पण कागद मागितला की गप्प होतात. आमचे म्हणणे स्पष्ट आहे. परवान्याची प्रत आणि पक्के बिल मिळत नसेल, तर तो प्राणी घरी आणू नका. टाकीसाठी समुद्रातून काढलेला जिवंत खडक न घेता सिरॅमिकचा किंवा तयार केलेला कोरडा खडक घ्या. मशरूम, झोआ असे दगडी सांगाडा नसलेले प्रकारही घ्यायचे तर आधी जात नक्की करून घ्या आणि शंका असल्यास वन विभागाच्या कार्यालयात विचारा. झोआंबद्दल आणखी एक : त्यांच्या काही जातींत फार जहाल विष असते. हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नये, आणि त्यांचा दगड गरम पाण्याने कधीही धुऊ नये.

सुट्टीत मालवणला, गोव्याला जाणाऱ्या कुटुंबांनाही हे लागू आहे. वाळूत सापडलेला प्रवाळाचा पांढरा तुकडा मुले हौसेने खिशात घालतात. तो तिथेच ठेवायला सांगा. का ठेवायचा, तेही सांगा.

मग काय करावे?

आमचा सल्ला असा. पहिले वर्ष फक्त खारे पाणी आणि दोन-चार मासे सांभाळा. टाकीत जन्मलेल्या पैदाशीतले क्लाउन मासे मिळतात, ते घ्या. त्यांना साधा दिवा पुरतो. एक पूर्ण उन्हाळा पाण्याचे तापमान रोज वहीत लिहा. मे महिना पार पडला आणि पाणी हाताबाहेर गेले नाही, तर कागदपत्रे असलेले मऊ प्रवाळ आणि त्यांच्यासाठी ६० वॅटचा दिवा यांचा विचार करा. वहीतले आकडे चांगले नसतील, तर गोड्या पाण्यातल्या वनस्पतींची टाकी करा. वनस्पतींनाही उजेडाचा हाच हिशेब लागतो, निळ्याऐवजी ६५०० केल्विनचा पांढरा दिवा चालतो, आणि उन्हाळ्यातली चिंता बरीच कमी होते. तीही पाहत बसावी अशीच असते.

ज्यांना दिव्याचा हिशेब करून हवा असेल, त्यांनी टाकीची लांबी, रुंदी, उंची आणि उन्हाळ्यातले खोलीचे तापमान लिहून मंडळाच्या पुढच्या बैठकीला आणावे. आपण बसून मांडू. मुलांनाही सोबत आणा, वही-पेन त्यांच्याच हातात द्या.